आतडे विसावते कसे

एडिथ ब्यूलब्रिंग पन्नाशीला टेकल्या होत्या तेव्हा त्यांनी असा एक स्नायू अभ्यासाला घेतला, ज्याच्या वाटेला फारसे कुणी जात नव्हते. शरीरशास्त्रात तेव्हा मज्जातंतूंचा बोलबाला होता. 1952 साली केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे आयन आतबाहेर कसे करतात याचे गणित मांडले, आणि हुशार तरुण त्या दिशेने धावू लागले. आतड्याच्या भिंतीतला अनैच्छिक स्नायू मात्र बेभरवशाचा म्हणून बदनाम होता. तीच पट्टी, तेच औषध, तीच मात्रा. आज ती झटकन सैल पडायची, उद्या ढिम्म हलायची नाही. नोंदवहीत अशा प्रयोगांपुढे फुली मारून पुढे जायची रीत होती. ब्यूलब्रिंग यांनी उलटा विचार केला. औषध पोचण्याच्या क्षणी स्नायू कोणत्या अवस्थेत आहे यावर उत्तर ठरत असेल, तर आधी ती अवस्थाच मोजली पाहिजे.

त्या मूळच्या जर्मनीतल्या बॉनच्या. जन्म डिसेंबर 1903चा. वडील विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक, आई हॉलंडमधल्या ज्यू घराण्यातली. वैद्यकीचे शिक्षण संपवून त्या बर्लिनला पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच ट्रेंडेलेनबुर्ग, ज्यांनी 1917 साली गिनीपिगच्या शरीराबाहेर काढलेल्या आतड्यात पुढे सरकणारी लहर प्रत्यक्ष नोंदवून दाखवली होती. पुढे बर्लिनच्याच एका रुग्णालयात त्या संसर्गजन्य रोगांच्या विभागात काम करत असताना 1933 उजाडले. नाझी सत्तेवर आले आणि आई ज्यू म्हणून ब्यूलब्रिंग यांची नोकरी गेली. त्या इंग्लंडला पोचल्या. औषधशास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्या शब्दावरून जोशुआ बर्न यांनी त्यांना लंडनच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतले आणि 1937 साली बर्न ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले तेव्हा त्याही तिकडे गेल्या. पुढचे सगळे आयुष्य तिथेच गेले. एका राजवटीने नको म्हटलेल्या या बाईंनी ऑक्सफर्डात जगभरच्या स्नायू-अभ्यासकांचे माहेरघर उभे केले: टास्मानियाच्या मॉली होल्मन, लंडनचे ज्योफ्री बर्नस्टॉक, जपानचे हिरोशी कुरियामा आणि टाडाओ तोमिता, बेल्जियमचे रिक कास्टील्स, इंग्लंडच्या आलिसन ब्रेडिंग आणि थॉमस बोल्टन.

ब्यूलब्रिंग यांनी निवडलेला नमुना म्हणजे टेनिया कोलाय. गिनीपिगच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीवरून स्नायूची एक अरुंद, लांबट पट्टी जाते. ती अलगद सोलून निघते आणि कोमट, प्राणवायू सोडलेल्या क्षारद्रवात ठेवली तर तासन्‌तास जिवंत राहते. अडचण होती ती तिच्या पेशींची. एकेक पेशी जाडीला जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातली, आणि वर स्वतःहून आकसणारी. तिच्यात काचेची सुई खुपसायची, आणि पेशी हलत असताना ती आत टिकवून धरायची. सुईचे टोक अर्ध्या मायक्रॉनहून बारीक. अशा सुया करण्याची रीत शिकागोत 1949 साली बसली होती, पण ती वापरली जात होती मोठ्या, शांत पेशींवर. ब्यूलब्रिंग यांनी ती आतड्यावर वापरली आणि 1954 साली पहिले आकडे छापले.

त्या आकड्यांनी स्नायूच्या चंचलपणाचा उलगडा होऊ लागला. हाडांना जोडलेल्या स्नायूची पेशी विश्रांतीत बाहेरच्या मानाने सुमारे 90 मिलिव्होल्टने ऋण असते आणि मज्जातंतूचा हुकूम येईपर्यंत तिथेच थांबते. टेनियाची पेशी मात्र उणे 50 ते 55च्या आसपास घुटमळते. म्हणजे ती विजेच्या स्पंदाच्या उंबरठ्यावरच उभी असते. कुणी न सांगताही तिच्यात स्पंद उमटतात. 1955च्या निबंधात ब्यूलब्रिंग यांनी दाखवले, की पट्टी ताणली की पेशीतला ऋणभार घटतो, स्पंद वाढतात आणि जितके स्पंद अधिक तितका ताण अधिक. त्याच पेशीचा ऋणभार थोडा वाढवा, स्पंद थांबतात आणि स्नायू सैल पडतो. पाच-दहा मिलिव्होल्टचा खेळ. एवढ्याशा फरकावर अन्न पुढे जाणे, अडणे, पोटात कळ येणे किंवा न येणे अवलंबून आहे, हे पहिल्यांदाच आकड्यांत दिसले.

हा फरक घडवतो कोण? इथे पोटॅशियम रंगमंचावर येते. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या जवळपास 30 पट असते, कारण पेशी सतत ऊर्जा खर्चून ते आत ओढते आणि सोडियम बाहेर फेकते. पेशीपटलात पोटॅशियमसाठी वाट मोकळी झाली की ते बाहेर पडते, जाताना धनभार घेऊन जाते, आणि आतला भाग आणखी ऋण होतो. कास्टील्स आणि कुरियामा यांनी टेनियासाठी हिशेब केला. पटल फक्त पोटॅशियमला मोकळे असते, तर पेशी उणे 90च्या जवळ जाऊन बसली असती. ती 50लाच थांबते, कारण विश्रांतीत पोटॅशियमच्या बऱ्याच वाटा मिटलेल्या असतात आणि इतर आयनांची गळती चालूच असते. याचाच अर्थ असा, की आतड्याच्या पेशीकडे मागे सरकायला भरपूर जागा आहे. पोटॅशियमची जास्तीची दारे उघडा, ती उंबरठ्यापासून दूर जाते.

हीच दारे कोंबून बंद केली तर काय होते, हे विषबाधेच्या नोंदींत फार आधीपासून लिहिलेले होते. बेरियमचा आयन आकाराने पोटॅशियमच्या जवळचा. तो पोटॅशियमच्या वाटेत शिरतो आणि तिथेच अडकून बसतो. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार पोटात गेले तर ओकाऱ्या, जुलाब, पोटात पेटके येतात आणि रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरते. क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला पाजतात ते बेरियम सल्फेट निर्धोक ठरते, ते केवळ पाण्यात विरघळत नाही म्हणून.

ऑक्सफर्डात मात्र वाद दुसऱ्याच गोष्टीवर होता. अ‍ॅड्रेनॅलिन दिले की आतडे सैलावते हे शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. भीतीने पोटातली हालचाल थांबते ती त्यामुळेच. पण ते काम करते कसे? ब्यूलब्रिंग यांचा कल ऊर्जेकडे होता. अ‍ॅड्रेनॅलिन पेशीतल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा साठा वाढवते, त्या जोरावर पटल स्थिर होते आणि स्पंद थांबतात, अशी त्यांची मांडणी. त्यासाठी त्यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या अर्नेस्ट ब्यूडिंग यांच्याबरोबर टेनियातले एटीपी मोजण्याचे किचकट काम वर्षानुवर्षे केले. मग तोमिता आले. आतड्याच्या पेशी एकमेकींशी विजेने जोडलेल्या असतात, हे ओळखून त्यांनी पट्टीच्या दोन बाजूंना पडदे घालून बाहेरून प्रवाह सोडण्याची युक्ती आखली होती. तेवढ्या प्रवाहाने पेशीचा विद्युतदाब किती हलतो यावरून पटल किती गळके आहे ते कळते. 1969 साली ब्यूलब्रिंग आणि तोमिता यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लागोपाठ निबंध छापले: अ‍ॅड्रेनॅलिन देताच पटलाची वाहकता वाढते, पोटॅशियमसाठी वाट उघडते. स्वतःच्या आवडत्या कल्पनेला बाजूला सारणारा पुरावा स्वतःच्याच टेबलावर, स्वतःच्या सहीने. वयाच्या पासष्टाव्या वर्षी असे करायला मन मोठे लागते.

दरम्यान, ऑक्सफर्डातून गेलेल्या एका माणसाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला याच पट्टीतून वेगळेच प्रकरण बाहेर काढले होते. बर्नस्टॉक 1959 साली मेलबर्नला गेले. जाण्यापूर्वी ब्यूलब्रिंग यांच्याकडे त्यांनी राल्फ स्ट्राउब यांच्यासोबत सुईऐवजी साखरेच्या द्रावणाच्या साहाय्याने स्नायूची वीज मोजण्याची पद्धत बसवली होती. साखर वीज वाहत नाही. पट्टीचा मधला भाग साखरेत बुडवला की दोन टोकांतला फरक बाहेरून टिपता येतो आणि स्नायू कितीही हलला तरी नोंद तुटत नाही.

तेव्हाचे पाठ्यपुस्तक सरळ होते. आतड्याला दोन प्रकारच्या चेता, म्हणजे मज्जातंतू, येतात: एक असेटिलकोलीनने आवळणाऱ्या, दुसऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने सैलावणाऱ्या. मेलबर्नमध्ये बर्नस्टॉक, ग्रेम कॅम्पबेल, मॅक्स बेनेट आणि मॉली होल्मन यांनी औषधे देऊन दोन्ही प्रकारांची तोंडे बांधली आणि पट्टीला विजेचा झटका दिला. आता चेता गप्प आहेत, तेव्हा झटका थेट स्नायूला बसेल आणि तो आवळेल, ही अपेक्षा. झाले उलटे. प्रत्येक झटक्याला पेशीचा ऋणभार वाढला, नोंदीची रेघ खाली गेली आणि पट्टी सैल पडली. थोड्याच वर्षांत फुगू माशातले टेट्रोडोटॉक्सिन हाती आले. ते चेतांची वीज बंद पाडते, स्नायूची नाही. ते दिल्यावर हा खालचा झोका नाहीसा झाला. म्हणजे आतड्यात तिसऱ्या प्रकारच्या चेता होत्या आणि त्यांचे काम थांबवण्याचे होते. मूळ प्रयोग 1963 सालीच नेचरमध्ये छापून आला होता. तो झोका पोटॅशियम बाहेर पडल्याने येतो, हे त्याच दशकात स्पष्ट झाले.

अशा चेता असायलाच हव्यात, हे खरे तर 1899 पासून दिसत होते. लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्यात गोळी ठेवून पाहिले होते: गोळीच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैलावतो. पुढचा भाग सैलावला नाही तर काय होते, हे त्याही आधी, 1886 साली, कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन अर्भकांच्या प्रकरणांतून बर्लिनच्या सभेत मांडले होते. मुलांना शौच होत नव्हते आणि मोठे आतडे अवाढव्य फुगले होते. साठ वर्षे शल्यचिकित्सक त्या फुगलेल्या भागालाच रोगी समजत राहिले. 1948 साली बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी दाखवले, की खोट खालच्या अरुंद, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या भागात आहे. तो काढून टाकला की मूल बरे होते. त्या भागात चेतापेशीच नसतात. थांब म्हणणारे कुणी नाही, म्हणून तो कायम आवळलेला राहतो. स्वेन्सन यांच्या शस्त्रक्रियेने मुले वाचू लागली, ती मेलबर्नच्या प्रयोगाच्या पंधरा वर्षे आधी. कारण पुढे कळले, उपचार आधी सापडला.

या तिसऱ्या चेता कोणते रसायन सोडतात? 1970 साली बर्नस्टॉक यांनी उत्तर दिले: एटीपी. विरोध कडाडून झाला. एटीपी म्हणजे प्रत्येक पेशीचे ऊर्जेचे चलन. इतकी मौल्यवान आणि सगळीकडे सापडणारी वस्तू निरोप म्हणून बाहेर कोण फेकेल? ब्यूलब्रिंग यांनी ज्या एटीपीत पेशीच्या आत सैलावण्याचे कारण शोधले होते, तेच एटीपी बर्नस्टॉक पेशीच्या बाहेर कारण म्हणून दाखवत होते. 1972 साली त्यांनी सगळा पुरावा एका दीर्घ लेखात मांडला आणि पुढची वीस वर्षे तो किल्ला लढवला. एटीपी ओळखणारे पहिले ग्राहक रेणू 1993 आणि 1994 साली वेगळे झाले, तेव्हा हा वाद शमला.

कोड्याचा पुढचा तुकडा मधमाशीने पुरवला. तिच्या विषात अपामिन नावाचे छोटे प्रथिन असते, अवघ्या 18 अमिनो आम्लांचे. कीव्हच्या बोगोमोलेट्स संस्थेत मिखाइल शूबा आणि व्लादिमिरोवा यांनी 1978 साली पाहिले, की हे अपामिन टेनियावर टाकले की तो खालचा झोका पुसला जातो. पुढच्याच वर्षी, आता लंडनला परतलेल्या बर्नस्टॉक यांनी डोनाल्ड जेंकिन्सन आणि सहकाऱ्यांसोबत नेचरमध्ये दाखवले, की एटीपी आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोघांनी उघडलेली पोटॅशियमची वाट अपामिन बंद करते. तोमितांनी 1969 साली मोजलेली गळती आणि मेलबर्नचा झोका, दोन वेगळ्या निरोपांतून आलेले दोन परिणाम, शेवटी एकाच दारातून बाहेर पडत होते. शीतयुद्धाच्या त्या काळात कीव्ह, ऑक्सफर्ड, मेलबर्न आणि जपानमधले फुकुओका ही शहरे एका गिनीपिगच्या आतड्यापुरती शेजारी होती, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते.

तरीही दार कुणी पाहिलेले नव्हते. एकेका दाराची वीज ऐकण्याचे तंत्र, पॅच-क्लॅम्प, गॉटिंगेनच्या नेहर आणि साकमान यांनी 1976 साली काढले. त्याला 1991चे नोबेल मिळाले. ते आतड्यावर वापरायचे तर सुट्या, जिवंत पेशी हव्यात. त्या आल्या एका मोठ्या भेकाच्या जठरातून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेडरिक फे यांनी 1970च्या दशकात त्या सुट्या करण्याची पद्धत बसवली होती. तिथल्याच वुस्टर शहरात जॉन वॉल्श आणि जोशुआ सिंगर यांनी 1980च्या दशकात त्यांच्या पटलावर एक प्रचंड दार नोंदवले: कॅल्शियम चढले आणि विद्युतदाब वाढला की उघडणारे, आणि उघडल्यावर पोटॅशियमचा लोंढा सोडणारे. एक पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे 62 लाख आयन; या एका दारातून त्याच्या कित्येक पट वाहतात.

आता एक विरोधाभास समोर आला. आतड्याचा स्नायू आवळतो कॅल्शियममुळे, आणि थांबवणारी ही दारे उघडतात तीही कॅल्शियममुळेच. मग कॅल्शियम नेमके कोणाच्या बाजूचे? लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये बोल्टन आणि क्रिस्टोफर बेनहॅम यांनी 1986 साली सशाच्या लहान आतड्यातल्या सुट्या पेशींत मधूनच उसळणारे, बाहेर जाणारे प्रवाह टिपले. पेशीच्या आतल्या साठ्यातून पटलालगत कॅल्शियमचे छोटे झोत सुटतात आणि तिथली अनेक दारे एकदम उघडतात, असा त्यांनी अर्थ लावला. कॅल्शियम पेशीभर पसरले तर आवळणे, पटलालगत ठिणगीसारखे उडाले तर सैलावणे. त्या ठिणग्या 1995 साली व्हर्मॉन्टच्या मार्क नेल्सन यांच्या गटाने मेंदूच्या रोहिण्यांत सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर पाहिल्या.

अपामिनने बंद होणाऱ्या दाराचे जनुक 1996 साली ओरेगनच्या जॉन एडेलमन यांच्या गटाने वेगळे केले. त्याला कॅल्शियम कळते ते स्वतःला कायमच्या चिकटलेल्या कॅल्मोड्युलिन या रेणूमुळे, हे दोन वर्षांत उघड झाले. त्याच 1998 साली रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम-दाराची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि जुने कोडे सुटले: सोडियमचा आयन पोटॅशियमहून लहान, मग तो त्यातून का घुसत नाही? दाराच्या अरुंद गळ्यात ऑक्सिजनच्या अणूंची अशी मापात बसवलेली रांग आहे, की पाण्याचे आवरण सोडून आलेल्या पोटॅशियमला ती नेमकी सामावून घेते. लहानखुऱ्या सोडियमला तिचा आधार मिळत नाही. 2003चे रसायनशास्त्राचे नोबेल मॅकिनन यांना पीटर एग्री यांच्यासोबत मिळाले. ब्यूलब्रिंग 1990 सालीच गेल्या होत्या.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर इतिहास सोपा झाला असता. पण अपामिनने बंद होणारी ही दारे आतड्यात नेमकी कुठे आहेत हे रंगवून पाहायला लागल्यावर, ती स्नायूच्या पेशींपेक्षा त्यांच्या शेजारच्या, बारीक फांद्यांच्या पेशींत दाट दिसू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी फार पूर्वीपासून दिसत होत्या. भरताव पेशी समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते. 2011 साली नेवाडातल्या रीनोमध्ये मसाआकी कुराहाशी, शॉन वॉर्ड, केंटन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी त्या सुट्या करून त्यांच्यावर एटीपीजातीची रसायने सोडली. या पेशींत पोटॅशियमचा मोठा प्रवाह उसळला आणि अपामिनने तो थांबला. शेजारच्या स्नायूपेशींत तसे काही घडले नाही. म्हणजे थांबण्याचा निरोप आधी या पेशी घेतात, ऋण होतात आणि विजेच्या जोडणीतून स्नायूला मागे खेचतात. सुई स्नायूत होती, म्हणून सर्वांनी दारही स्नायूतच धरले होते. चाळीस वर्षांच्या नोंदी खोट्या ठरल्या नाहीत, त्यांचा पत्ता बदलला.

त्यानंतरच्या वर्षी याच दिशेने आणखी एक पुरावा आला. एटीपीचा निरोप घेणारा पी-टू-वाय-वन हा ग्राहक रेणू नसलेले उंदीर तपासले गेले. त्यांच्या मोठ्या आतड्यात तो जलद खालचा झोका उमटतच नाही. लगाम सुटल्यावर अशा आतड्यातून मल भराभर पुढे जाईल असे कुणालाही वाटेल. या उंदरांत तो सावकाश सरकतो.